ओसरीवरची उपासना

तीर्थरूप आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "आमची उपासना आता नावालाच उरली गं." ते बोलणं चार दिवस मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर एवढं मला बोलता आलं नसतं आणि बाबांना तसंही ऐकू कमी येतं.

परतवाड्याच्या देवळात जाणं का सुटलं ते मला कळतं. "माह्याच्यानं एसटीची पायरी चढवत नाही वं," असं आई गेल्या उन्हाळ्यातच म्हणाली होती. पाळकसाहेब महिन्यातून एकदा गावात येतात. बाकीचे रविवार ओसरीवर तुम्ही दोघं, शेजारची आजी आणि आली तर दोन-तीन पोरं. पेटीचा भाता फाटलाय, त्यामुळे गीत सुरू होतं एका पट्टीत आणि संपतं दुसऱ्याच. बाबा, याचंच तुम्हाला वाईट वाटतं ना?

मी नागपुरात ज्या देवळात जाते तिथे सगळं आहे. गिटार, ड्रम, पडद्यावर गीताचे शब्द. मला तिथे जायला आवडतं, खोटं कशाला बोलू. नाताळच्या रात्री सगळी मंडळी उभी राहून गाते तेव्हा अंगावर काटा येतो. पण गेले आठ महिने मी तिथे पहिल्या रांगेत उभी राहून गात होते आणि दादाशी एक शब्द बोलत नव्हते. वावराच्या हिश्श्यावरून तो जे बोलला ते धरून बसले होते. सूर नीट लागला का, नाताळचं गीत एकटीनं गायला कुणाला मिळणार, हेच डोक्यात. कुणाला काही कळलं नाही. कळणार कसं? मी तर डोळे मिटून गात होते.

त्याच काळात तुमची एक आठवण सारखी वर येत राहिली, बाबा. मी सहावीत असेन. प्रभुभोजनाचा रविवार, आपल्याच ओसरीवर. पाळकसाहेबांनी भाकर मोडायला घेतली आणि तुम्ही उठलात. आईनं सदऱ्याची बाही धरली, ती सोडवून घेतलीत आणि पायात चपला न घालताच काकांच्या घराकडे निघालात. धुऱ्यावरची बाभूळ तोडण्यावरून तुमचं वाजलं होतं. सगळे वळून बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही परत आलात तोवर पाळकसाहेबांची फटफटी निघून गेली होती. आईनं प्याला धुऊन पालथा घातला होता. महिनाभर वाट पाहून प्रभुभोजन चुकवलंत म्हणून ती चिडली. तुम्ही शास्त्रातला मत्तयाचा पाचवा अध्याय उघडून तिच्यापुढे ठेवलात: अर्पण वेदीपाशीच राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर. आणि जेवायला बसलात. त्या दिवशी काकांनी दार उघडलंच नव्हतं, हे आईनं मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

इतकी वर्षं देवळात जाते, पण उपासना म्हटलं की मला तो पालथा प्याला दिसतो.

योहानाच्या शुभवर्तमानातला शोमरोनी बाईचा तो अध्याय तर तुमचा पाठ आहे. उपासना कुठे करायची, हा तिचा प्रश्न. तिनं विचारलं, या डोंगरावर की यरुशलेमेत? ना या डोंगरावर, ना यरुशलेमेत, असं प्रभूनं सांगितलं. आत्म्याने व खरेपणाने करा, म्हणाला. आणि घरातली मंडळी काही कमअस्सल नसते. प्रेषित पौल रोमकरांना पत्र लिहितो तेव्हा प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. सिरियात दुरा-युरोपस नावाच्या गावी तिसऱ्या शतकातलं एक घर सापडलं आहे. दोन खोल्यांमधली भिंत पाडून तिथल्या ख्रिस्ती लोकांनी उपासनेला जागा केली होती. मोठमोठी देवळं उभी राहिली ती बहुतेक 313 नंतर, रोमी बादशहानं ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिल्यावर. ते वाचताना मला आपला नाताळ आठवला. ओसरी आणि माजघरामधला कुडाचा आडोसा तुम्ही उचलून गोठ्यात ठेवायचात, माणसं मावावीत म्हणून.

पेटीचं म्हणाल, तर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि भजनं लिहिली ती आपल्यासारख्यांच्या तोंडी बसावीत अशी. त्यांना टाळ पुरतात.

आणि ती आजी. दिवसभर लोकांच्या वावरात कापूस वेचून कापणीच्या सणाला पदराच्या गाठीतून एक अंडं काढते, दोन्ही हातांनी टोपलीत ठेवते आणि हात लगेच मागे घेत नाही, घरंगळेल म्हणून. शास्त्रातल्या गरीब विधवेनं दानात टाकलेल्या दोन टोल्यांवर, त्या दोन क्षुल्लक नाण्यांवर, मी पुष्कळ प्रवचनं ऐकलीत. त्यातलं एकही मला त्या हातांइतकं आठवत नाही. ती तुमच्या ओसरीवर येते, बाबा. मग उपासना नावालाच कशी?

परवा दादाला फोन केला. दोनदा त्यानं कापला, तिसऱ्यांदा उचलला. बोलणं कापसाच्या भावापलीकडे गेलं नाही. मी शनिवारी येते आहे. आधी त्याच्याकडे उतरेन, मग घरी. तो दार उघडेल की नाही, माहीत नाही. उशीर झाला तर जेवायला थांबू नका.

भाता दुरुस्त करायचा तुमच्या मनात असेल तर पेटी परत जाताना नागपूरला घेऊन जाईन. या रविवारी टाळांवरच गाऊ. आई, आजीला निरोप दे.

तुमची,
धाकटी