दांडिया बाजारातल्या तबलजी काकांना, जाहीरपणे

ती. काकांना सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ ऐकायचा कसा हे तुम्ही दाखवलंत, त्याबद्दल हे आभार.

अमेरिकन रॉक गायक कॅप्टन बीफहार्ट आणि त्याच्या मॅजिक बँडचा हा १९६९चा डबल अल्बम, निर्माता फ्रँक झॅपा. २८ रचना. जाणकार डोक्यावर घेतात, मला मात्र पहिल्याच ‘फ्राउनलँड’मध्ये डोकं धरायची वेळ यायची. बडोद्यात हे कुणाला विचारणार? तुम्ही ‘हा कसला धिंगाणा’ म्हणाला नाहीत. पायाने हिंचका थांबवलात आणि म्हणालात, “एकच गिटार धर. बाकीच्यांना जाऊ दे.” मग हिंचक्याच्या पितळी कडीवर बोटाने तिचा तुकडा मोजत राहिलात. तो संपून परत सुरू झाला तेव्हा मला पहिल्यांदा तिथे काहीतरी बांधलेलं आहे हे कळलं. नंतर दुसरी गिटार, मग ड्रम. एकाचा तुकडा तीनचा, दुसऱ्याचा चारचा, तर बारा मात्रांनी दोघं भेटणारच, हे तुम्ही टाळी देऊन दाखवलंत. इथे पुष्कळदा भेटायच्या आतच गाणं वळण घेतं. त्यावर तुम्ही चक्क हसलात.

गायकाचा, म्हणजे बीफहार्टचा, आवाज तुम्हाला सोसला नाही. मलाही अजून जड जातो. हेडफोन न लावता, स्टुडिओच्या काचेतून झिरपेल तेवढ्या साथीवर तो गायला, हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, “दिसतंय ते.”

पण तुम्ही खरे चिडलात ते ड्रमर जॉन फ्रेंचसाठी. बीफहार्ट पियानोवर सुचेल ते बडवायचा. फ्रेंच ते कागदावर उतरवायचा आणि एकेकाला शिकवायचा. एका घरात कित्येक महिने अशी तालीम झाली, म्हणून तर बहुतेक वादन स्टुडिओत सहाएक तासांत उरकलं. आणि मूळ कव्हरवर फ्रेंचचं नावच नाही! “साथीदाराचं नाव गाळायची खोड तिकडेही आहे तर,” म्हणालात आणि त्या दिवशी तुमचा चहा निवला. पत्रिकांवर फक्त गवयाचं नाव पाहण्यात तुमची किती वर्षं गेली, ते तेव्हा लक्षात आलं.

तिसरी-चौथी बाजू अजून बाकी आहे. रविवारी येतो, सेवउसळ माझ्याकडून. काकूंना नमस्कार.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा