दारव्हा–दिग्रस रोडवरच्या गॅरेजवाल्या भाऊंना

नमस्कार भाऊ,

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी तुमच्या पत्र्याच्या शेडसमोर येऊन थांबलेली पांढरी गाडी आठवते का? मी चालवत होते, शेजारी आई होती आणि मागच्या सीटवर कुरडयांचा डबा. मावशीची तेरवी होती. बारापर्यंत दिग्रसला पोचायचं होतं आणि दारव्हा सोडल्यापासून गाडीत जळक्या रबराचा वास सुटला होता. तुम्ही व्हॉट्सअॅप वापरत नाही हे मला ठाऊक आहे. पण तुमची मुलगी वापरते. ती हे वाचून दाखवील, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते.

वास त्या दिवशीचा नव्हताच, आठवडाभर येतजात होता. शहरात एका ठिकाणी दाखवलं तर बॉनेटही न उघडता सांगितलं, "क्लच प्लेट गेली मॅडम, नऊ-दहा हजार धरून चला." मी धरून चालले होते. म्हणून तुम्ही विचारलंत तेव्हा मीच ऐटीत म्हटलं, क्लच गेलाय. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. "आधी गाडी बंद करा ताई. चाबी काढून तुमच्याजवळच ठेवा." आणि मग आईकडे वळून, "माय, तुम्ही तिकडं लिंबाखाली खाटीवर बसा, इथं लय ऊन हाय."

मग तुमचे प्रश्न सुरू झाले. मी शिक्षिका आहे, दिवसभर प्रश्न विचारणं हेच माझं काम. पण इतके नेमके प्रश्न मला क्वचित सुचतात. वास कवा येते, चालतानी का उभ्या गाडीले? ब्रेक मारल्यावर वाढते का? चढावर इंजिन बोंबलते पण गाडी ओढत नाही, असं होते का? एसी बंद केला त वास बंद होते, का नुसता कमी होते?

शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, कमी होतो, पण जात नाही. तेव्हा तुम्ही जरासे हसलात. त्या हसण्याचा अर्थ मला अर्ध्या तासाने कळला.

आधी तुम्ही खाली झोपून सायलेन्सर पाहिला, प्लास्टिकची पन्नी चिकटली आहे का म्हणून. चारही चाकांच्या रिमजवळ हाताची उलटी बाजू नेली, न टेकवता. चारही सारखीच कोमट होती, म्हणजे कुठला ब्रेक जाम नव्हता. मग मलाच गाडीत बसवून हँडब्रेक ओढायला लावला, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायला सांगितला. गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली. "क्लच घसरत असता त इंजिन चालूच राहिलं असतं. तुमचा क्लच ठणठणीत हाय." माझे नऊ-दहा हजार तिथेच वाचले. भाऊ, आभार मानायला एवढंही पुरेसं होतं.

पण वास राहिलाच होता. बॉनेट उघडून तुम्ही वाकून नाकाने पाहिलंत, दुसरा शब्द नाही त्याला. "वायर जळली असती त नाकात टोचलं असतं. ऑइल गळून सायलेन्सरवर पडलं असतं त धूर दिसला असता. हे रबर हाय." एसीच्या पट्ट्याच्या आजूबाजूला काळी भुकटी उडालेली होती, खोडरबराच्या चुऱ्यासारखी. पट्ट्याची कड आरशासारखी चकचकीत झाली होती. इंजिन निवेपर्यंत तुम्ही आम्हाला माठातलं पाणी आणि चहा पाजला. मग पट्टा सैल करून काढला आणि तो ज्यावरून फिरतो ती मधली छोटी पुली माझ्यासमोर धरलीत. "फिरवून पाहा." फिरेना. जोर केला तर आत रेती असल्यासारखी करकरली आणि पुन्हा अडकली.

मग त्या हसण्याचा अर्थ सांगितलात. एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, जाम असता तर एसी बंद केल्याबरोबर त्याचा स्वतःचा छोटा क्लच (गाडीचा नव्हे) सुटून त्याची पुली मोकळी फिरली असती आणि वास थांबला असता. इथे एसी बंद असला तरी पट्टा फिरतच होता आणि या अडलेल्या पुलीवर घासत होता. एसी लावला की पट्ट्यावर ओढ वाढायची, म्हणून वासही वाढायचा. एका "कमी होतो"वरून तुम्ही एवढं ओळखलंत!

"धूळ खाल्ली यानं," म्हणालात. खाणारच. रेल्वेच्या कामाच्या टिप्परांमागे त्या रस्त्यावर मी किती वेळा गाडी हाकली असेन.

या गाडीत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा पट्टा वेगळा, म्हणून एसीचा पट्टा नुसता काढून ठेवून तुम्ही आम्हाला पुढे पाठवलंत. "एसी नाही लागणार, बाकी गाडी बिनधास्त न्या." पैसे विचारले तर, "तेरवीले चालले न, मग वापस येतानी पाहू." चव्वेचाळीस डिग्रीत काचा उघड्या टाकून आम्ही गेलो. आई वाटभर बोलत होती ती तुमच्याबद्दलच.

दुसऱ्या दिवशी परतताना मी दिग्रसहून नवा पट्टा आणला. तुम्ही त्या पुलीच्या आतलं बेअरिंग नवं आणून ठेवलं होतं, तेही गाड्यांच्या नाही, विजेच्या मोटारी वायंडिंग करणाऱ्या दुकानातून. मला शंका आली होती, आता कबूल करते. तुम्ही जुन्यावरचं ग्रीस पुसून नंबर दाखवलात, 6203. नव्यावरही तोच. आतलं भोक 17 मिलिमीटर, बाहेरून 40, जाडी 12. फक्त दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच हवं, पत्र्याचं नको, धूळ शिरते, असं तुम्ही दुकानदाराला बजावलं होतं म्हणे. नवं पुलीत बसवताना जुनं बेअरिंग त्याच्या डोक्यावर ठेवून बाहेरच्या कडीवरच हातोडी मारलीत. आतल्या कडीवर मार बसला तर गोळ्या खराब होतात, हे मारता मारता सांगितलंत. पट्टा ताणून अंगठ्याने दाबलात, सेंटीमीटरभर दबला, तेव्हा बोल्ट आवळला.

बेअरिंगचे 140 आणि मजुरीचे 150. मी पाचशेची नोट दिली तर सुटे आणायला समोरच्या टपरीवर धावत गेलात.

जून उलटून गेला, वास नाही. ते जुनं बेअरिंग मी मागून आणलं होतं. सातवीच्या वर्गात घर्षण शिकवताना पोरं आळीपाळीने फिरवून पाहतात आणि करकर ऐकून दात आंबल्यासारखं तोंड करतात.

आणि हो, गाडी धुताना माझ्या सीटखाली तुमचा 12 नंबरचा पाना सापडला. तुम्ही शोधत असाल. रविवारी घेऊन येते. आईने कुरडया बांधून ठेवल्या आहेत, त्याही आणते.

तुमची,
यवतमाळची ताई