कल्चर निगेटिव्ह, तरीही जंतूंचाच ताप

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

पावसाळा सरू लागला की विदर्भातून स्क्रब टायफसच्या बातम्या येतात आणि गवतातील चिगर माइट या बारीक किड्याची अळी चावल्याने हा ताप येतो, एवढे सांगून त्या बहुधा संपतात. माहिती बरोबर आहे. परंतु ‘रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काहीच वाढले नाही, मग हा जंतूंचा ताप कसा?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर तीत नसते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला ही उणीव खटकते.

हा ताप आणणारा ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी हा जिवाणू प्रयोगशाळेतील नेहमीच्या पोषक माध्यमावर वाढतच नाही. त्याला जिवंत पेशीच लागते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातील पेशींना तो चिकटला की पेशी त्याला स्वतःहून आत ओढते आणि एका पिशवीत कोंडते. ही पिशवी पाचक द्रव्यांच्या पिशवीला जाऊन मिळाली असती तर त्याचा तिथेच निकाल लागला असता, पण त्याआधीच तो तिच्यातून निसटून पेशीद्रवात उतरतो. त्याला पोहण्यासाठी शेपटी नाही. पेशीच्या अंतर्गत मालवाहतुकीसाठी सूक्ष्म नलिकांचे जे रूळ असतात, त्यांवरून चालणाऱ्या डायनीन या प्रथिनाला धरून तो केंद्रकाजवळ पोचतो (विनातिकीट प्रवासीच म्हणा!) आणि पेशीच्याच सामग्रीवर सावकाश दुभागत राहतो. बाहेर पडताना पेशी फोडण्याचीही त्याला गरज नसते. तिच्याच पटलाचे पांघरूण घेऊन तो कोंबासारखा फुटून निघतो.

पेनिसिलिनच्या कुळातील इंजेक्शने या तापात वाया जातात ती यामुळेच, कारण पेशीच्या आत ती फारशी पोचत नाहीत आणि ज्या भित्तिकेवर त्यांचा घाव बसायचा, ती या जिवाणूत नाममात्र असते. डॉक्सिसायक्लिन व अझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके मात्र पेशीत शिरून त्याची प्रथिननिर्मिती रोखतात. नावातील साम्यामुळे हा टायफॉइडच समजून दिवस घालवले, तर रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर बेतते.

म्हणून पुढच्या बातमीत एवढे अवश्य छापावे, की ताप आलेल्याने काख, जांघ व कमरपट्ट्याखालची जागा पाहावी, सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली आढळल्यास डॉक्टरांना दाखवावी आणि ती नसली तरी आपण शेतात वा गवतात वावरलो होतो, हे न विचारताही सांगावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर