कोल्हापूरच्या फायर ब्रिगेडला मनापासून थँक्यू

कोल्हापूर महापालिकेच्या अग्निशमन दलातल्या सगळ्या दादांनो, नमस्कार.

थँक्यू म्हणायचं २०२१ च्या जुलैपासून राहिलंय. पंचगंगा तेव्हा राजाराम बंधाऱ्याला ५६ फुटांच्या वर गेलेली, म्हणजे धोका पातळीपेक्षा १३ फूट जास्त, आणि आमच्या शाहूपुरीत पाणी जिन्याच्या अर्ध्यापर्यंत आलेलं, कुंभार गल्लीत तर लोकांनी गणपतीच्या कच्च्या मूर्ती माळ्यावर चढवल्या तरी कितीतरी भिजल्याच. तुमची रबरी बोट गॅलरीला लागली. आमची आज्जी गुडघ्यानं अधू, खाली पाणी बघून रडायला लागली, तर तुमच्यातला एकजण म्हणाला, "आज्जी, गळ्याला धरा आन् डोळं झाका," आणि तिला पाठीवर घेऊन उतरला, तिची बीपीच्या गोळ्यांची पिशवी दातात धरून, कारण दोन्ही हात रेलिंगला होते. नाव विचारलं तर "पुढच्या घरात पेशंट हाय" म्हणत बोट वळवली पण. आज्जी आजही त्याला "माझा बोटवाला" म्हणते.

दुसरं थँक्यू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीचं. केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती! लाकडी स्टेज, पडदे, खुर्च्या, सगळं पेट घेणारंच सामान, बाहेरूनही बंब मागवावे लागले. आम्ही खासबागेच्या बाजूला उभं राहून रडत होतो. तेवढ्यात एक जवान धुरातून बाहेर आला, हेल्मेट काढलं, मानेवर बाटलीभर पाणी ओतलं, खोकला थांबायच्या आत परत आत गेला. त्याला बरं वाटतंय का हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही, ते आज विचारतोय. छत गेलं, रंगमंच गेला, पण दगडी भिंती उभ्या राहिल्या त्या तुमच्यामुळं.

आपली नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ची. राजांचा इतिहास आहे, तालमींचा आहे, सिनेमाचा आहे, पण या शहरात बंब घेऊन कोण कोण धावलं, २००५ आणि २०१९ च्या पुरात बोटीवर कोण होतं, ते कुठल्या पुस्तकात वाचायला मिळत नाही, आणि मला हे मनापासून खटकतं. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, ६६ अग्निशमन जवान गेले, त्यांच्यासाठी तुम्ही दरवर्षी मानवंदना देता. तसं आपल्या गावातल्या जुन्या फायरमनांचंही नाव घेतलं गेलं पाहिजे.

म्हणून एक विनंती. येत्या १४ एप्रिलला गल्लीतली पोरं घेऊन मी स्टेशनवर येणार आहे, चहा-नाष्टा आमच्याकडून. तुमच्या रिटायर्ड लोकांना तेवढं बोलावून ठेवा, ते सांगतील तसं आम्ही वहीत लिहून घेऊ. आणि तो बोटवाला दादा ड्युटीवर असला तर त्याला सोडू नका कुठं, आज्जीला पण आणतोय.