गृहनिर्माण संस्थांतील मनमानीला आवर हवा

महोदय,

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांवर वर्षानुवर्षे तीच माणसे राहतात आणि आपण विनामोबदला काम करतो म्हणून कोणी प्रश्न विचारू नयेत, अशी त्यांची समजूत होऊन बसते. त्यांच्या श्रमांची मला जाणीव आहे. पण हिशेब मागणारा सभासद 'त्रासदायक' ठरतो, तेव्हा सहकार उरत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाला संस्थेची ठरावीक कागदपत्रे पाहण्याचा आणि शुल्क भरून त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क आहे. तरीही आमच्या इमारतीच्या दुरुस्तीचा जमाखर्च मी लेखी मागितला, तेव्हा सात महिने 'पुढच्या बैठकीत पाहू' एवढेच उत्तर मिळाले.

घर विकले जाताना संस्था घेते त्या हस्तांतरण अधिमूल्याची (ट्रान्सफर प्रीमियमची) कमाल मर्यादा २५ हजार रुपये असताना 'ऐच्छिक देणगी'च्या नावाखाली कितीतरी अधिक रक्कम घेतली जाते आणि घर विकणारा व घेणारा दोघेही घाईत असल्याने ती मुकाट्याने भरतात. मालकाने घर भाड्याने दिल्यास लागणारे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. थकबाकीसाठी निबंधकांकडून वसुली दाखला मिळवण्याची कायदेशीर वाट असताना पाणी तोडण्याची धमकी देणे तर अमानुष आहे. त्या घरात लहान मुले आणि आजारी वृद्धही असतात.

सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयांनी अशा तक्रारींच्या निकालासाठी मुदत ठरवून ती पाळावी, आणि ३० सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेसोबतच लेखापरीक्षण अहवाल प्रत्येक सभासदाच्या हाती पडेल, हे पाहावे.

– एक सभासद