बँडची चाल आणि तुझी चाल

पंचवटी, नाशिक

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू सांगितलेस की बँडमध्ये तुझ्या चाली कोणी घेत नाही आणि तू वेगळे काही केलेस, तर बाकीचे तिघे तू फुटलीस असे समजतील. फोनवर मला उत्तर सुचले नाही, म्हणून सावकाश लिहितो आहे.

मी २६ वर्षे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवले. झालरीचा लाल कोट अंगावर चढला की मला नाव उरत नसे. सुरुवातीला मी अंतऱ्यात स्वतःच्या हरकती घालीत असे. एकदा रविवार कारंज्यावर अशीच लांब तान घेतली, तेव्हा नाचणाऱ्यांची पावले चुकली आणि मास्तरांनी भर वरातीत सुनावले, "लोकांना नाचायचं आहे, तुझं गाणं ऐकायचं नाही." त्या वेळी राग आला, पण ते बरोबर होते, तान वाईट नव्हती, वरात तिची जागा नव्हती. पुढे पावसाळ्यात, लग्ने नसताना, मी पहाटे गोदाघाटावर बसून सुचेल ते वाजवू लागलो. (तुझ्या आईला तो रिकामटेकडेपणा वाटे, अजूनही वाटतो.) त्यातले काहीच मी लिहून ठेवले नाही. आता दम पुरत नाही आणि दोन-तीन मुखड्यांपलीकडे काही आठवतही नाही.

बीटल्समध्ये मागे राहिलेली स्वतःची गाणी घेऊन जॉर्ज हॅरिसनने १९७० साली तीन तबकड्यांचा संच काढला, हे तूच मला सांगितले होतेस. पण तोवर त्यांचा बँड मोडलेला होता. मला शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया अधिक जवळचे वाटतात. १९८१ च्या 'सिलसिला'पासून त्यांनी 'शिव-हरी' या जोडनावाने चित्रपटांना चाली दिल्या, तरी संतूरच्या आणि बासरीच्या स्वतंत्र मैफली चालूच ठेवल्या. तासभराचा आलाप त्यांनी चित्रपटाच्या गाण्यात कोंबला नाही आणि चित्रपटगीताला कमीही लेखले नाही.

गच्चीवर तू व्हायोलिनवर वाजवलेली ती पावसाची चाल आठव. तिला ठेका नको आहे. बँडसाठी तिची चार मिनिटे केलीत आणि खाली ड्रम घातलेत, तर तुमचे गाणेही बिघडेल आणि तुझी चालही जाईल. ती एकटीने कर, पण चोरून करू नकोस. पहिले ध्वनिमुद्रण त्या तिघांनाच ऐकव. बँडच्या गाण्यांवर संगीतकार म्हणून कोणाचे नाव लागणार, हेही गाणे बाहेर पडण्यापूर्वी लिहून ठेवा. चौघांनी एका खोलीत बसून बांधलेली चाल कोणाची, हा प्रश्न पैसे आल्यावर विचारला की मैत्री टिकत नाही.

दिवाळीला येताना व्हायोलिन आणि कोरी वही आण. उरलेले मुखडे मी कसेबसे वाजवीन, तू उतरवून घे.

तुझे,
बाबा