मापाचा कागद

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२७ जुलै २०२५

प्रिय मंगल,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रोज लिहीन लिहीन म्हणत होते, पण तुझ्या एका वाक्यापाशी अडकून बसले. "आपली कोल्हापुरी त्या इटलीवाल्यांनी उचलली, आपलं नावसुद्धा घेतलं नाही, इथं इंदूरला बसून माझं रक्त खवळतंय," असं तू लिहिलंस. माझंही खवळलं होतं गं. जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमधले त्या प्राडा कंपनीचे फोटो इथं प्रत्येकाच्या मोबाईलवर आले. तोच अंगठा, तोच पट्टा, आणि ओळख काय, तर चामड्याचे सँडल! आरडाओरडा झाल्यावर कंपनीनं कबूल केलं, की प्रेरणा भारतातल्या कारागिरांची आहे.

पण तुझ्या वाक्यातल्या 'आपली' या शब्दानं मला थेट आजोळी नेलं. तुला मी त्या वाड्याबद्दल पुष्कळ सांगितलंय, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं. आजोळ कापशीच्या बाजूला. मे महिन्यात चपलांचं माप घ्यायला एक म्हातारा यायचा आणि जोत्याखाली उभा राहायचा. आम्ही पोरं सोप्यात कागदावर पाय ठेवायचो, मामा पेन्सिलीनं पायाभोवती रेघ ओढायचा. म्हातारा खालून सांगायचा, "पोरी, अंग टाकून हुबी ऱ्हा, तवा पाय खरा उतरतो." मग तो कागद वरून खाली टाकला जायचा. त्यानं पाणी मागितलं तर तेही वरूनच, त्याच्या ओंजळीत. महिन्याभरानं चपला आल्या की आजी त्या हातात घेऊन उलटसुलट बघायची आणि म्हणायची, "काय कला आहे म्हाताऱ्याच्या हातात!" ती मनापासून म्हणायची. पण त्याचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

याच संस्थानात शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळ्यांना हॉटेल काढून दिलं होतं आणि तिथं थांबून ते स्वतः चहा घेत. त्यालाही तेव्हा पन्नास वर्षं होऊन गेली होती, मंगल. पन्नास वर्षांत तो चहा आमच्या जोत्यापर्यंत पोचला नव्हता.

म्हणून गेल्या आठवड्यात मी सुभाषनगरात गेले. इतकी वर्षं चप्पल घ्यायची ती बाजारातून, करणाऱ्याच्या दारात कधी गेले नव्हते. एका घराच्या पडवीत नवरा-बायको काम करत बसले होते. तो ओल्या कातड्याचा तळ ठोकत होता. कातडं कमावलेलं असतं बाभळीची साल आणि हिरडा घालून. ते काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजानं केलं आणि शिवण्याचं चर्मकार समाजानं. खिळा कुठंच नाही. चामड्याचीच वादी काढायची आणि तिनंच तळ, टाच, कान एकमेकांना शिवायचे. बायको वेणी घालत होती. सुतळीहूनही बारीक कातरलेल्या पट्ट्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि बोटं अशी चाललेली की नजर ठरत नव्हती. मी विचारलं, ही वेणी तुम्हांला कुणी शिकवली? ती म्हणाली, "शिकवतंय कोण? आईच्या मांडीला टेकून बसल्यावर येतीच की." बोलताना हात थांबले नाहीत. मी तासभर बसले असेन. तेवढ्यात एका चपलेची एक वेणी झाली.

आता सांग, ही कला 'आपली' म्हणताना आपण त्यात कुठं आहोत? आपण ती पायात घातली, लग्नात मिरवली, परगावच्या पाहुण्यांना भेट दिली. खरं आहे. पण ज्यांच्या घरात ती जन्मली त्यांना आपण पायरीखाली उभं केलं, आणि गावाचं नाव तेवढं चपलेला दिलं. आणि गावाचं नावही पुरतं खरं नाही बघ. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार आपले आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार कर्नाटकातले. सीमेवरून आपण किती भांडलो! पण चप्पल करणाऱ्या हातांना ती सीमा कधी आडवी आली नाही.

कुणी कुणाचं काही घेऊच नये, असं मी म्हणत नाही. आपण शाळेतून टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये गेलो होतो, आठवतं? त्या काचेच्या कपाटातला वीतभर उंचीचा, उघडा, दाढीवाला पुतळा बघून तू खिदळली होतीस आणि बाईंनी तुला बाहेर काढलं होतं. तो पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला, सातवाहनांच्या काळात रोमन व्यापाराबरोबर आलेला. परवा पुन्हा जाऊन बघितला. समुद्राचा देव घाट चढून आपल्या नदीकाठी आला! त्याच टेकाडातून काशाचा हत्तीही निघाला, पाठीवर माणसं बसलेली. दोघं एकाच मातीत शेकडो वर्षं पडून होते. त्यांच्यासमोर उभी असताना मला वाटलं, कोल्हापूरचं म्हणून जे काही आहे ते असंच कुठून कुठून येऊन इथं रुजलंय.

आणि गाण्याचं बघ. अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातल्या उनियाऱ्याचे. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी ठेवलं, त्यांचं गाणं इथं मुरलं. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गायचे. गाभाऱ्यात देवी आणि बाहेर मुसलमान गवयाचा सूर, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की इतकी वर्षं इथं काढूनही त्या गायकीला कुणी 'कोल्हापूर घराणं' म्हटलं नाही. ती जयपूर-अत्रौलीच राहिली. शागीर्द आजही गुरूचं नाव घेताना कानाला हात लावतात. गाणं जगभर गेलं तरी कुणाकडून आलं ते सोबत गेलं. एवढंच त्या चपलेच्या वाट्याला आलं असतं तर?

गेल्या वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा मी तिथं गेले होते, हे तुला फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. १९१५ सालचं ते थिएटर, महाराजांनी बांधलं तेव्हा पॅलेस थिएटर. लाकूड तडतडत होतं आणि आपल्या वयाची माणसं लहान पोरासारखी रडत होती. त्या रात्री कुणाच्याही तोंडी 'पॅलेस' नव्हतं. सगळे म्हणत होते, "केशवराव जळालं." राजाच्या वास्तूला लोकांनी नटाचं नाव दिलं होतं आणि माणूस गेल्यासारखे ते त्याच्यासाठी रडत होते. हेही आपल्याच गावात झालं. म्हणजे कलावंताचं नाव जपायला आपल्याला येतं. काहींचं जपलं, काहींचं नाही, आणि कुणाचं नाही हे आता तुला वेगळं सांगायला नको.

त्या इटलीवाल्यांवरचा माझा राग गेलेला नाही. त्यांनी पैसे द्यावेत, नाव द्यावं, आणि ते कारागिरांच्या हातात पडावं, मधल्यामध्ये जिरू नये. पण आता रागावताना मला तो जोत्याखालचा म्हातारा दिसतो.

असो. सुभाषनगरातल्या त्या नवरा-बायकोकडे तुझ्यासाठी एक जोड सांगून आले आहे, कापशी पद्धतीचीच, वेणीवाली. माप पाठव. मोबाईलवर फोटो नको, त्यांनी स्पष्ट सांगितलंय. जाड कागद घे, अनवाणी उभी रहा, अंग टाकून, आणि जावईबापूंकडून पेन्सिलीनं रेघ ओढून घे. दोन्ही पायांची वेगवेगळी. पाकिटावर माझा पत्ता घाल, पण आत कागदावर त्या दोघांची नावं लिही. ती मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडली आहेत. दोघांचीही लिही, बायकोचं आधी. वेणी तीच घालणार आहे.

तुझी,
सुजाता